सहा खुर्च्या, एक सोलापुरी चादर

जुन्या डायनिंग खुर्चीचं आसन उघडलं की आत बहुतेक वेळा तेच दिसतं. वर तडकलेलं रेक्झिन, त्याखाली पिवळा पडून पिठासारखा भुगा झालेला फोम आणि तळाला पोट सुटलेलं प्लायवूड. फाटलेलं रेक्झिन डोळ्यांवर येतं म्हणून लोक तेवढंच बदलून घेतात, आणि वर्ष-दीड वर्षात नवं कापडही नेमक्या त्याच जागी विरतं. खालचा थर खचला की बसणाऱ्याचं सगळं वजन कापड ओढून धरतं, मग ते कितीही भारी असलं तरी टिकणार कसं? म्हणून सहा सागवानी खुर्च्या घरी भरायला घेतल्या तेव्हा पैसे आणि वेळ आधी आत घातले. वरचं कापड सगळ्यात शेवटी.

कापड म्हणून सोलापुरी जॅकार्ड, म्हणजे विणीतच नक्षी असलेली, चादर घेतली. सोलापुरात राहून दुसरीकडे बघायचं कारणच नव्हतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की रेक्झिनवर बसलेल्या माणसाचे कपडे पाठीमागून ओले होतात, आणि याच उन्हाळ्यात रेक्झिनचा मऊपणा उडून ते कडक होतं आणि तडकतं. चादर सुती आहे, घाम शोषते, खालून हवा खेळते. शिवाय ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका अंगावर मरून जमिनीवर पांढरी नक्षी असेल तर उलट्या अंगावर पांढऱ्या जमिनीवर मरून नक्षी असते. वरची बाजू विटली की पिना काढून तोच तुकडा पालटून लावता येतो. ही सोय सोफ्याच्या बहुतेक कापडांत मिळत नाही.

तिचा दोषही आधीच सांगतो. चादर पांघरायला विणलेली असते, ताणून बसवायला नाही. वीण सैल, कापलेल्या कडेचे धागे लगेच निसटतात, आणि तिरक्या दिशेनं ओढली की नक्षी लगेच वाकडी होते. चादर सरळ फोमवर टाकून पिना मारल्या तर सहा महिन्यांत आसनावर लाटा दिसतात. उपाय एकच, पण तो टाळता येत नाही. चादरीच्या आत मांजरपाटाची, म्हणजे कोऱ्या जाडसर सुती कापडाची, स्वतंत्र खोळ हवी. फोम दाबून धरायची सगळी ओढ मांजरपाटानं घ्यायची, चादर त्यावर नुसती नीट बसवायची.

उघडण्याआधी खडूनं प्रत्येक खुर्चीच्या आतल्या बाजूला आणि तिच्या आसनाच्या बुडाला तोच आकडा घातला, १ ते ६, आणि आसनावर पुढच्या बाजूला बाण काढला. सहाही आसनं एकसारखी दिसतात, पण सुतारानं ती हातानं बसवलेली असतात. तीन नंबरचं आसन पाच नंबरच्या खुर्चीत बसत नाही, आणि बसवायला गेलं तर स्क्रूची भोकं जुळत नाहीत. स्क्रू काढले की ते त्याच खुर्चीच्या नावाच्या पुडीत ठेवायचे. त्यांची लांबी पुढे कामाला येते.

जुन्या पिना काढणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. एका आसनाला साठ-सत्तर सहज निघतात. चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं एक पाय उचलायचा आणि पक्कडीनं ओढून काढायची. मोडलेला पाय आत राहिला तर उपसत बसू नका, हातोडीनं ठोकून लाकडात सपाट करा. पिना उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. खाली जुनी चादर पसरली आणि शेवटी लोहचुंबक फिरवला की अनवाणी पायाला धोका उरत नाही. जुनं कापड फाडून काढायचं नाही, अख्खं काढायचं, कारण तोच तुमचा फर्मा, म्हणजे कापायचा नमुना. जुना फोम, काथ्या, कापूस, जे काही निघेल ते परत वापरायचं नाही. त्यात ढेकूण असू शकतात, आणि फोमचा भुगा एकदा सुरू झाला की थांबत नाही. हे सगळं गच्चीवर करावं, घरात नको.

आसनं निघाली की मोकळा सांगाडा आधी डुगडुगतो का ते बघावं. शहाबादी फरशी स्वतःच खालीवर असते, तिच्यावर खुर्ची हलली म्हणून पाय आखूड समजू नये. सपाट टाइलवर किंवा ओट्यावर ठेवून तपासा. मग एका हातानं पाठ आणि दुसऱ्या हातानं पुढचा पाय धरून तिरकं दाबा. आडवी पट्टी पायाच्या खाचेतून आत-बाहेर सरकताना दिसली तर तो सांधा सुटलाय. सहांपैकी दोन खुर्च्यांचे मागचे सांधे असे निघाले. सुटलेल्या सांध्यावर बाहेरून खिळा ठोकणं हा सगळ्यात वाईट उपाय, त्यानं लाकूड चिरतं. सांधा पूर्ण उघडायचा, जुना वाळलेला गोंद पॉलिश पेपरनं खरवडून कोरं लाकूड दिसू द्यायचं, दोन्हीकडे फेव्हिकॉल एसएच लावायचं आणि बसवायचं. क्लॅम्प नसेल तर चारही पायांभोवती सुती दोरीचे दोन फेरे घालून मध्ये काठी अडकवायची आणि पीळ देत जायचं. दोरी लाकडात रुतू नये म्हणून कोपऱ्यांना पुठ्ठा लावायचा. बाहेर आलेलं फेव्हिकॉल ओल्या फडक्यानं लगेच पुसायचं, नाहीतर पॉलिशमध्ये पांढरा डाग राहतो. चोवीस तास खुर्चीला हात लावायचा नाही. आसनाखालचे कोपऱ्यातले तिकोनी ठोकळे सैल असतील तर तेही याच वेळी चिकटवून, स्क्रू कसून घ्यावेत. सगळं वजन शेवटी त्यांच्यावर येतं. लाकडाला पॉलिश करायचं असेल तर तेही इथेच. कापड चढल्यावर पॉलिशमधल्या स्पिरिटचा एक थेंबही ते खराब करायला पुरतो.

खुर्चीखाली पिठासारखी बारीक भुकटी सांडत असेल आणि लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर तो भुंगा. अशी खुर्ची बाकीच्या पाचांपासून वेगळी ठेवून औषध सुईनं भोकाभोकात सोडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता तळ. आमच्या आसनांचं जुनं प्लायवूड ९ मिलिमीटरचं होतं आणि मध्ये अर्धा इंच खाली झुकलेलं होतं. १८ इंचांच्या अंतरावर माणसाचं वजन रोज पेलायला ९ मिलिमीटर कमीच पडतं. १२ मिलिमीटर लावलं. अख्खी शीट घ्यायची गरज नाही. प्लायवूडच्या दुकानात कापून उरलेले तुकडे कोपऱ्यात उभे असतात, १८ बाय १७ चे सहा तुकडे त्यातून निघतात आणि दुकानदार थोडे पैसे घेऊन मशीनवर कापूनही देतो. जुना तुकडा वर ठेवून आखून घ्यावं, मापं लिहून नेऊ नयेत, कारण आसन बहुधा चौकोनी नसतंच. पुढे १८ आणि मागे १६ इंच असं निमुळतं असतं. वरच्या बाजूच्या चारही कडा पॉलिश पेपरनं गोल केल्या. धारदार कडेवर कापड कापलं जातं. मग प्रत्येक तुकड्याला १० मिलिमीटरची पाच भोकं पाडली. बसल्यावर फोममधली हवा कुठून तरी बाहेर जायला हवी. भोकं नसतील तर आसन फुग्यासारखं फुगतं आणि बसताना फुसफुस आवाज येतो.

काही जुन्या खुर्च्यांना प्लायवुडाऐवजी लाकडी चौकट आणि तिच्यावर निवार असते. ती ठेवायची असेल तर नवी सुती निवार उभ्या-आडव्या पट्ट्यांनी एकाखालून एक विणत घट्ट ओढावी. नुसत्या हातानं ओढ बसत नाही, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून त्याचा रेटा द्यावा लागतो. दोन पट्ट्यांमध्ये इंचभरापेक्षा जास्त फट नको. वरून किंतान (तागाचं जाड कापड) ताणून लावायचं, तेव्हाच फोम फटींतून खाली उतरत नाही. कष्ट दुप्पट, पण बसायला प्लायवुडापेक्षा खूपच मऊ.

फोमवर मात्र कंजुषी करू नये. दुकानात ‘चांगला फोम द्या’ म्हटलं की जो दाबून टणक लागतो तोच पुढे केला जातो, पण टणकपणा वेगळा आणि डेन्सिटी वेगळी. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं किलोत वजन. कमी डेन्सिटीचा फोमही टणक बनवता येतो, आणि तो महिनाभर छानही वाटतो, मग खड्डा पडतो. रोजच्या जेवणाच्या खुर्चीला ३२ च्या खाली जाऊ नये, ४० मिळाला तर उत्तम. खात्री करायला वजनकाटा पुरतो. ७२ बाय ३६ इंचांची, २ इंच जाडीची शीट ३२ डेन्सिटीची असेल तर साधारण २.७ किलो भरते, ४० ची असेल तर ३.४ किलोच्या आसपास. तीच शीट दोन किलोच्या आतच राहिली तर ती २३ ची आहे, दुकानदार काहीही म्हणो. घरी आणलेला तुकडाही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तपासता येतो. १८ बाय १८ बाय २ चा ४० डेन्सिटीचा तुकडा सव्वाचारशे ग्रॅमच्या जवळ, ३२ चा ३४० ग्रॅमच्या जवळ.

जाडी दोन इंचच. तीन इंचांचा फोम दिसायला श्रीमंत वाटतो, पण टेबल ३० इंच उंच आणि आसन १८ इंचांवर हे गणित तो बिघडवतो. आसन आणि टेबलाच्या पृष्ठभागामध्ये ११-१२ इंच राहिले पाहिजेत, नाहीतर मांड्या टेबलाच्या खालच्या पट्टीला लागतात आणि जेवताना माणूस ताटावर वाकतो. जुना फोम चपटा होऊन इंचभरच उरलेला असतो, म्हणून नव्यानं मुळातच इंचभर उंची वाढणार हे धरून चालावं.

फोम प्लायवुडापेक्षा चारही बाजूंनी पाव इंच मोठा कापायचा, म्हणजे १८ बाय १७ ला साडेअठरा बाय साडेसतरा. कापड ओढल्यावर हा जास्तीचा फोम कडेवरून खाली वळतो आणि लाकडाची धार हाताला लागत नाही. ७२ बाय ३६ च्या शीटमध्ये असे बरोबर सहा तुकडे बसतात, ३६ च्या बाजूला दोन आणि ७२ च्या बाजूला तीन. वर १६ इंचांची एक पट्टी उरते. कापायला ब्रेडची लांब दातेरी सुरी किंवा पूर्ण बाहेर काढलेलं कटरचं पातं. पात्याला मेणबत्ती घासून घ्या, सरकतं. फोम दाबून धरून कापला की कड आत वळलेली निघते. सुरी हलक्या हातानं, तीन-चार फेऱ्यांत खाली जाऊ द्यावी. सुरी उभीच राहिली पाहिजे, तिरकी झाली तर वरचं माप बरोबर आणि खालचं अर्धा इंच कमी.

चिकटवायला सिंथेटिक रबरचं सोल्यूशन, ज्याला सगळे नुसतं ‘एसआर’ म्हणतात. पांढरं फेव्हिकॉल इथे चालत नाही, फोमच्या आत ते वाळायला फार वेळ घेतं आणि वाळल्यावर कडक खडा होतो. एसआर प्लायवूड आणि फोम दोन्हीकडे पातळ लावून हाताला जेमतेम चिकटेपर्यंत थांबायचं. डब्यावर दिलेली मिनिटं सोलापूरच्या एप्रिलला लागू पडत नाहीत. सकाळी नऊनंतर ते तीन-चार मिनिटांत कोरडं पडू लागतं आणि पूर्ण कोरडं झाल्यावर धड चिकटत नाही. म्हणून एका वेळी एकच आसन, आणि काम सकाळी सातला सुरू. वास डोक्यात जातो, आणि वाफ पेट घेते. गॅस, देवघरातली समई, विडी-सिगारेट यातलं काहीही जवळ नको. एकदा टेकवलेला फोम परत उचलता येत नाही, फाटतो. पुढच्या कडेवरून सुरू करून मागे लोळवत नेला की सरळ बसतो.

फोमवर फायबरची पातळ शीट, गादीवाले हिला रेक्रॉन म्हणतात. आसन वरून आणि चारही बाजूंनी झाकेल एवढीच, बुडाखाली दुमडायची नाही, तिथे जाडी नको. ती फोमच्या कडा गोलसर करते आणि कापड फोमवर घासू देत नाही.

मग मांजरपाट. ३६ इंच पन्ह्याचं चार मीटर घ्यावं, धुऊन, वाळवून, इस्त्री करून. घरातली जीर्ण चादर इथे वापरायचा मोह होतो. तिला पिनाजवळ लगेच भोकं पडतात. प्रत्येक आसनाला २५ बाय २४ चा तुकडा. आसन पालथं मांडीवर किंवा टेबलावर ठेवायचं, दुसऱ्या माणसानं दोन्ही तळव्यांनी प्लायवूड खाली दाबायचं, म्हणजे फोम अर्धा-पाऊण इंच चेपतो, आणि त्याच वेळी कापड ओढून पिना मारायच्या. क्रम मोडू नये. समोरच्या बाजूच्या मध्यावर एक, मग ओढून मागच्या मध्यावर एक, मग डाव्या, मग उजव्या. या चार पिनांवर आसन सुलटं करून बघायचं. मग मध्यापासून कोपऱ्यांकडे, एकदा पुढे दोन, एकदा मागे दोन, असं समोरासमोर सरकत जायचं. एक बाजू पूर्ण संपवून दुसरी घेतली की कापड तिरकं होतंच. कोपऱ्यापासून दोन इंच आधी थांबायचं, कोपरे सगळ्यात शेवटी.

पिना मारायच्या हातटॅकरला आम्ही मांजरपाटासाठी ८ मिलिमीटरच्या आणि चादरीसाठी १० मिलिमीटरच्या पिना वापरल्या. पिना अर्ध्याच बसतात ही तक्रार सगळ्यांची असते, आणि बहुतेक वेळा खोट टॅकरमध्ये नसते. टॅकरचं नाक लाकडाला पूर्ण टेकलेलं नसतं. डाव्या हाताचा तळवा टॅकरच्या डोक्यावर ठेवून रेटायचं आणि मगच दांडा दाबायचा. तरी वर राहिलेली पीन हातोडीनं बसवायची. जुन्या सागवानी चौकटीत हातटॅकरच्या पिना जातच नाहीत, वाकतात. तिथे अर्ध्या इंची चुका, म्हणजे बारीक खिळे, आणि छोटी हातोडी. एका आसनाला मांजरपाट, चादर आणि बुडाचं कापड मिळून दीडशेच्या आसपास पिना लागतात, म्हणजे सहांना नऊशे. एक हजाराची पेटी जेमतेम पुरेल, वाकलेल्या धरून दोन घ्या.

मांजरपाट लागल्यावर आसन जवळजवळ तयार दिसलं पाहिजे. हात फिरवून बघा. खळगा, उंचवटा, कोपऱ्यातली गाठ, जे काही आहे ते इथेच दुरुस्त करायचं. चादर काहीही झाकत नाही. उलट तिच्या नक्षीच्या सरळ रेघा प्रत्येक दोष मोठा करून दाखवतात.

चादर निवडताना बारीक, दाट नक्षी बघा. मोठ्या फुलाच्या चादरीत उलट-सुलट तरंगणारे धागे लांब असतात आणि किल्ली, बांगडी, पँटचं बटण त्यात अडकतं. विणीत एखादा धागा चुकल्यानं ‘सेकंड’ म्हणून बाजूला काढलेली चादर दुकानात मागावी. चूक असलेला भाग कापताना टाळता येतो किंवा बुडाखाली दुमडता येतो. सोलापूरचे टर्किश टॉवेल चादरीइतकेच नावाजलेले, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, पण टॉवेल आसनाला लावू नका, त्याचे फासे ओढले जाऊन आठवड्यात लोंबायला लागतात.

कापण्याआधी चादर थंड पाण्यात वेगळी भिजवून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची. मरून आणि गडद हिरवा रंग पहिल्या दोन पाण्यांत जातो. वाळल्यावर ओलं पांढरं फडकं जोरात घासून बघायचं. फडक्याला रंग लागला तर उन्हाळ्यात घामानं तोच रंग पांढऱ्या पायजम्याला लागणार, आणखी एक पाणी द्या. सावलीत वाळवा. ६० बाय ९० इंचांची आमची चादर धुतल्यावर सुमारे ५८ बाय ८६ झाली. आधी कापून मग धुतली असती तर तुकडे आखूड पडले असते.

तुकड्याचं माप असं काढायचं. आसनाची बाजू, अधिक दोन्हीकडे फोमचे २, प्लायवुडाचा अर्धा आणि खाली दुमडायचे २ इंच, म्हणजे दोन्हीकडे साडेचार. १८ चे २७, १७ चे २६. ५८ इंचांत २७ चे दोन, ८६ इंचांत २६ चे तीन, एका चादरीत सहा खुर्च्या. लांबीत आठ इंच शिल्लक राहतात, ते दोन टोकांच्या काठांत विभागून सोडले. काठाची आणखी काही बोटं तुकड्यात आली तरी ती आसनाच्या बाजूवर आणि बुडाखाली जातात. हा हिशोब लहान, सलग नक्षीचा. प्रत्येक आसनाच्या बरोबर मध्यावर एक मोठं फूल हवं असेल तर फुलाफुलामधलं अंतर वाया जातं आणि दोन चादरी लागतात.

कात्री चालवल्या-चालवल्या कडांना झिगझॅग शिलाई मारून घ्या. घरच्या मशीनला ती नसेल तर शिंप्याकडून इंटरलॉक करून आणा. ही पायरी गाळली तर पिनेखालचा धागा हळूहळू सुटून कापड पिनेतून निघून येतं.

आधी एकच आसन पूर्ण करायचं आणि खुर्चीत बसवून बघायचं. आमचं पहिलं आसन बसलं नाही. ही आसनं चौकटीच्या आत खोबणीत बसणारी होती. मूळ रेक्झिन पातळ होतं, आता दोन्ही बाजूंना मांजरपाट आणि जाड चादर आली, कोपऱ्यात तर चादरीचे चार थर. अशा वेळी वरून बुक्की मारून आसन ठोकून बसवलं की ते बसतं खरं, पण पाचरीसारखं चौकटीचे सांधे उघडतं, तेच सांधे जे दोन दिवसांपूर्वी चिकटवलेले असतात. चादर काढली, मांजरपाट कडेपुरतं उचललं आणि प्लायवुडाची प्रत्येक बाजू रंध्यानं दोन मिलिमीटर कमी केली. उरलेली पाच प्लायवुडं फोम लावायच्या आधीच रंधायला हवी होती, तीही उकलून दुरुस्त केली. प्लायवूड आणि चौकट यांच्यात चादरीसाठी प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर मोकळे ठेवा, हे आखतानाच धरा. आसन चौकटीवर वरून टेकत असेल तर हा प्रश्न येत नाही.

चादर चढवताना ओढायची नाही, फक्त झोळ काढायचा. तुकड्याच्या मध्यावर आणि आसनाच्या मध्यावर खुणा जुळवून चार मध्यपिना मारायच्या आणि सुलटं करून नक्षीची एक रेघ पुढच्या कडेला समांतर आहे का ते पट्टीनं बघायचं. मग इंचाइंचावर पिना, दर तीन पिनांनंतर पुन्हा सुलटं करून नजर टाकायची. दोन पिनांमध्ये रेघ आत ओढली जाऊन कंगोरे दिसले तर ओढ जास्त झालीय, त्या पिना काढून परत मारायच्या.

कोपऱ्यात चादरीचं टोक आधी कोपऱ्यावरून सरळ आत, आसनाच्या मध्याकडे ओढून एक पीन मारायची. आता दोन्ही बाजूंना दोन कान उभे राहतात. बाजूचा कान आधी सपाट करून पिनायचा, मग समोरचा कान दुमडून त्याची घडी बरोबर कोपऱ्याच्या धारेवर आणायची. घडीच्या आत जास्तीचं कापड गोळा होतं, ते कात्रीनं काढायचं, पण घडीच्या रेषेपासून अर्धा इंच सोडून. जास्त कापलं की टोकाला छिद्र दिसतं आणि ते भरून येत नाही. घडीच्या आत अंगठ्यानं दाबत खाली नेलं की जाड चादरही चपटी बसते. घडीचं तोंड समोर नको, बाजूला असू द्या. समोरून येणाऱ्याला नुसती सरळ धार दिसते. इथे चार थर असल्यानं पीन धरत नाही, बारीक खिळा मारावा.

पहिल्या आसनाला तीन तास लागले, सहाव्याला पन्नास मिनिटं.

बुडाला काळं नॉन-वोव्हन कापड कडा आत दुमडून दोन-दोन इंचांवर पिना मारून लावलं. पिना झाकल्या जातात आणि धूळ वर चढत नाही. मग स्क्रू. जुनेच वापरायचे, किंवा त्याच लांबीचे. ठोकळा २५ मिलिमीटरचा आणि प्लायवूड १२ चं असेल तर ३५ मिलिमीटरचा स्क्रू प्लायवुडात १० मिलिमीटर जातो, बरोबर. ‘घट्ट बसेल’ म्हणून ४० चा लावला की त्याचं टोक प्लायवूड फोडून फोममध्ये येतं आणि बसणाऱ्याला टोचतं. भोक मोठं झालं असेल तर आगकाडीचे दोन-तीन तुकडे फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायचे, वाळल्यावर तोच स्क्रू पकडतो. आधी चारही स्क्रू सैल लावायचे, आसन सरळ करायचं, मग कसायचे.

खर्चात निम्म्याच्या वर वाटा फोमचा गेला. त्याखालोखाल चादर आणि प्लायवूड. मांजरपाट, फायबर, सोल्यूशन, पिना मिळून एक चतुर्थांशही झालं नाही. हातटॅकर ओळखीत मिळाला तर मागून आणा, आसनं झाल्यावर त्याला वर्षभर काम नसतं. सहा खुर्च्यांचं सगळं चार हजारांच्या आत बसलं, पॉलिश सोडून.

वरून पारदर्शक प्लॅस्टिक चढवू नका. हवा कोंडते, फोममध्ये घाम राहतो आणि चादर घेण्याचा उद्देशच संपतो. शेंगाचटणीचं तेल सांडलं तर घासू नये, घासल्यानं ते आत जातं. लगेच ज्वारीचं कोरडं पीठ टाकून तासाभरानं ब्रशनं झाडावं, उरलेलं तेल पीठ ओढतं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नये. ओल्या फडक्यानं साबण पूर्ण पुसून आसन उन्हात ठेवावं, हळदीचा रंग उन्हात उडतो. त्यासाठी आसन सुटं निघणं किती सोयीचं ते तेव्हा कळतं, चार स्क्रू आणि झालं.

पंधरा दिवसांनी सगळे स्क्रू एकदा परत कसले. फोम बसतो, कापड बसतं, स्क्रू अर्धा फेरा सैल पडतात. त्याच वेळी चादरीची उरलेली पट्टी, आसनाचा कागदी फर्मा आणि काही बारीक खिळे एका पिशवीत घालून ती पिशवी सहा नंबरच्या खुर्चीच्या बुडाला, काळ्या कापडाच्या आत पिनून ठेवली. आसनं पालटायची वेळ येईल तेव्हा ती शोधावी लागणार नाही.